खाजनात आणि वायंगणात थंडीतले पक्षी: वीस-पंचवीस जणांची फेरी कशी काढावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावातल्या वाचनालयातर्फे जानेवारीतल्या एका रविवारी वीस-पंचवीस जणांना गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या शेतांमधून पक्षी दाखवायला न्यायचे आहे. बहुतेक जण नवखे, त्यांत दहा-बारा मुले. जागा आणि वेळ कोणती निवडावी, सोबत काय असावे, काय दिसेल आणि कुठे फसायला होते?

सुरुवात संख्येपासून करतो, कारण निम्म्या सहली तिथेच बिघडतात. पंचवीस माणसे शेताच्या मेरेवर (बांधावर) एका ओळीत उभी राहिली की ओळ तीस-चाळीस मीटर लांब होते. पुढच्या चौघांना पाणलावा दिसतो आणि मागच्यांना पुढच्यांच्या पाठी. शिवाय एवढी रांग चालायला लागली की पक्ष्यांना ती सलग हलणारी भिंत वाटते. तेव्हा आठ ते दहा जणांचे तीन गट करा. प्रत्येक गटात पुढे एक जाणकार आणि शेपटाला एक जबाबदार माणूस हवा. जाणकार दोनच असतील तर दोनच गट करा आणि नावनोंदणी वीसवर थांबवा. गट एकामागून एक, वीस मिनिटांच्या अंतराने सोडा. पहिल्या गटाने उठवलेले तुतवार आणि धोबी बहुधा थोड्या वेळाने त्याच शेतात परत उतरतात, म्हणून दुसऱ्या गटाचे फारसे नुकसान होत नाही. तिन्ही गट एकदम सोडले तर पक्षी परत उतरायला धजत नाहीत.

पक्षी नंतर, आधी पाणी

गोव्याच्या शेतात थंडीत कुठे काय दिसेल हे पक्ष्यांच्या यादीपेक्षा शेतातल्या पाण्यावर ठरते. एकाच गावात, एकाच सकाळी, दोनशे मीटर अंतरावरच्या दोन कुणग्यांत (शेताच्या तुकड्यांत) पूर्ण वेगळे पक्षी असतात. कारण एकात चिखलणी चालू असते आणि दुसऱ्यात धसकटे वाळलेली असतात. म्हणून फेरीच्या आदल्या दिवशी सकाळी त्याच वेळेला जागेवर जाऊन पाणी पाहून येणे हे सगळ्यात महत्त्वाचे काम. आठवड्यापूर्वीची पाहणी धरून चालू नका. वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या भातपिकाच्या, दिवसांत आठवड्यात शेताचे रूप बदलते.

आपल्याकडे भातशेतीचे तीन थर आहेत: उंचावरची मोरड, मधली रेताड खेर आणि खाडीकाठची खाजन. मोरडीतला पावसाळी भात कापून झाला की जमीन कोरडी पडते. खेर जमिनीत तळ्याचे किंवा झऱ्याचे पाणी घेऊन वायंगण लावतात. खाजन बांधाच्या आत असते आणि तिथले खारे-गोडे पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणवाटेच्या, दारांवर चालते. या तिन्हींचा तुकडा तुकडा एका फेरीत आला तर नवख्या माणसालाही सकाळभरात पन्नासेक जाती दाखवणे अवघड नसते. एकाच प्रकारच्या शेतात तीन तास घालवले तर वीसच्या पुढे गाडी जात नाही आणि मुले दगड फेकायला लागतात.

वायंगणाच्या टप्प्यांप्रमाणे पक्षी कसे बदलतात ते नीट समजून घ्या. आदल्या दिवशी शेत पाहून उद्या काय दिसेल ते मग तुम्हीच सांगू शकाल.

चिखलणीचा ट्रॅक्टर फिरत असेल तर तिथेच थांबा, पुढे जायची घाई करू नका. फाळ जमीन उलटी करतो तसे किडे, बेडूक, गोगलगायी वर येतात आणि ट्रॅक्टरच्या मागे गायबगळे, मध्यम बगळे, साळुंक्या, कोतवाल, पिवळे धोबी यांची झुंबड उडते. वर घारी आणि ब्राह्मणी घारी घिरट्या घालतात. पांढरे शराटी आणि मुग्धबलाक थोडे बाजूला, आधीच उलटलेल्या चिखलात चोची खुपसत फिरतात. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतली फट दुर्बिणीतून मुलांना आवर्जून दाखवा. पाणगोगलगाय खाणारा हा पक्षी आहे, आणि गोगलगाय कवचातून काढून झाल्यावर रिकामे कवच तिथेच पडलेले असते. ट्रॅक्टरची या पक्ष्यांना सवय असते, त्यामुळे इथे ते जवळून दिसतात. माणूस चालत आला तर मात्र हेच पक्षी लांबूनच उडतात.

लावणी होऊन आठ-दहा दिवस झालेले शेत हा तुतवारांचा आणि चिखल्यांचा काळ. रोपे विरळ, मध्ये उघडा चिखल, वर बोटभर पाणी. पाण्याची खोली इथे सगळे ठरवते. दोन-तीन सेंटिमीटर असेल तर छोटा कंठेरी चिखल्या आणि त्याच्यासारखे आखूड पायांचे पक्षी येतात. पाच-सात सेंटिमीटरपर्यंत ठिपकेवाला तुतवार आरामात चालतो. त्याहून खोल पाण्यात शेकाट्या उरतो, कारण त्याचे पाय तेवढे लांब. पाणलावा मेरेच्या कडेला, गवताच्या सावलीत, अंगावरच्या पट्ट्यांमुळे पेंढ्यासारखा दिसत बसलेला असतो. नवख्या गटाला तो नव्वद टक्के वेळा उडाल्यावरच कळतो. त्यासाठी मेरेच्या दोन्ही कडा वीस मीटर पुढपर्यंत दुर्बिणीने आधी तपासा, मगच पाऊल टाका.

लावणीला महिना-सव्वा महिना झाला की रोपे दाट होतात, चिखल झाकतो आणि हे सगळे पक्षी निघून जातात. वरवर शेत रिकामे वाटते. अशा शेताची फेरी आखली तर लोक कंटाळतात. मात्र कडेच्या पाटात, लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी आणि पांढऱ्या छातीची पाणकोंबडी असतात, आणि नशीब असेल तर रंगीत पाणलावा. दाणा भरायला लागला की मनोली आणि सुगरणी थव्याने येतात.

वाळलेल्या धसकटांचे शेत पाहायला अगदी साधे, पण माझ्या मते नवख्यांना शिकवायला हीच जागा उत्तम. इथे पक्षी उघड्यावर, उंचवट्यावर बसतात आणि बराच वेळ बसतात. वीजवाहिनीच्या तारेवर नीळकंठ, काटकीवर गप्पीदास, कुंपणाच्या खांबावर खाटीक, जमिनीवर तिरचिमण्या आणि मलबारी चंडोल. खरुची हवेत एका जागी पंख फडफडवत लटकते तेव्हा मुलांना पक्षी शोधावा लागत नाही, तो स्वतःच दिसतो. अळसांदे (चवळी), मिरची, वांगी लावलेल्या तुकड्यांभोवती बुलबुल, वेडे राघू आणि भोरड्या असतात. भोरड्या पावसाळा सरताना येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. थव्यात बरीच पिल्ले फिकट मातकट रंगाची असतात, त्यामुळे गुलाबी रंग शोधत बसू नका.

जागा आणि भरती-ओहोटी

तिसवाडीत राहायचे असेल तर करमळीचे तळे आणि त्याला लागलेली शेते सोयीची आहेत. कोकण रेल्वेचे करमळी स्थानक जवळ असल्याने वाहन नसलेल्यांनाही येता येते. तळ्यात अडई, तलवार बदक, भुवई बदक, कमळपक्षी एका जागी उभे राहून दाखवता येतात. वयस्कर मंडळी सोबत असतील तर हे सोपे पडते. दिवाडी बेट ही माझी पहिली पसंती. ओल्ड गोव्याहून फेरीबोटीने उतरले की मोरड, खेर, खाजन आणि खारफुटीची कड असे सगळे थोड्या अंतरात मिळते. चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पण ते खारफुटीचे जंगल आहे आणि सुमारे 1.8 चौरस किलोमीटरचेच. शेतातले पक्षी पाहायचे असतील तर अभयारण्याच्या फाटकाशी गर्दी करण्यापेक्षा बेटावरची शेते पाहा. बार्देशात साळगाव-पर्रा पट्टा आणि सासष्टीत कुडतरीची तळी व शेते हेही चांगले पर्याय. कुडचड्याचे नंदा तळे 2022 मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले, तेव्हापासून तिथे जायची हौस वाढली आहे. मात्र तिसवाडीहून मुलांना घेऊन पहाटे तिथे वेळेत पोचणे कठीण.

खाजन घेतले तर मुरगाव बंदराचे भरतीचे वेळापत्रक आधी पाहा. नदीच्या आत, दिवाडी-चोडणच्या बाजूला, पाणी तोंडापेक्षा थोडे उशिरा चढते. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि किनारी पक्षी तिकडे पांगतात. ते तुमच्यापासून लांब असतात आणि खारफुटीआड दिसत नाहीत. भरतीला तोच चिखल बुडतो आणि कोरल, वाळू-चिखल्या, रेडशँक म्हणून ओळखले जाणारे लाल पायांचे टिलवे बांधावर किंवा आतल्या कोरड्या खाजनात येऊन एकत्र बसतात. म्हणजे सकाळी आठ-साडेआठला भरती असलेला रविवार मिळाला तर तो निवडा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका रविवारी जमले नाही तर पुढच्या रविवारी चित्र उलटे असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे असते आणि चिखल पूर्ण झाकला जातो. पक्षी बांधावर यायला ते चांगले, पण कमी उंचीच्या बांधावर चालायला वाईट.

ओहोटीच्या वेळी गेलात तर मानशीपाशी थांबा. दार उघडून आतले पाणी बाहेर पडते तसे त्यासोबत लहान मासे आणि कोळंबी वाहत येतात, आणि तिथे खंड्या, बगळे, पाणकावळे, घारी रांग लावून बसतात. तीन-चार जातींचे खंड्या एकाच ठिकाणी दाखवायला यासारखी जागा नाही. मात्र मानशीच्या काठावर मुलांना उभे करू नका. पाण्याला ओढ असते आणि दगडांवर शेवाळ असते.

वेळ, सूर्य आणि साधने

जानेवारीत पणजीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहा चाळीसला सगळे जागेवर हजर, सहा पन्नासला चाल सुरू. साडेसातला या असे सांगितले तर आठ वाजतात, आणि साडेनऊनंतर ओल्या शेतावर उन्हाची वाफ हलायला लागते. दुर्बिणीतून, विशेषतः स्पॉटिंग स्कोपमधून (तिकाटण्यावरच्या एकनळी दुर्बिणीतून), लांबचे सगळे पाण्याखाली असल्यासारखे डुचमळते. त्यानंतर ओळखी पटवायचा प्रयत्न करू नका, चुकाच होतात. दहाला फेरी संपवा. तीन तासांत दोन ते अडीच किलोमीटर अंतर पुरे. पाच किलोमीटरची फेरी आखणारा माणूस पक्षी दाखवायला निघालेला नसतो.

धुके दाट असेल तर अर्धा तास तळ्याच्या काठी उभे राहून आवाज ऐकवा, मगच शेतात उतरा. धुक्यात मेरेवर गेले की पक्षी अगदी पायाशी आल्यावर उडतात आणि कुणालाच काही दिसत नाही.

फेरीची दिशा सूर्यावर ठरवा. सकाळी पूर्वेच्या बांधावर उभे राहून पश्चिमेकडे पाहायचे, म्हणजे ऊन पाठीवर आणि पक्ष्यावर पडते. उलट केले तर पाण्यावरच्या चकाकीत सगळे बगळे काळे दिसतात. नकाशावर वाट आखताना हे एकच तपासले तरी अर्धे काम झाले. जाताना पूर्व कडेने आणि परतताना सावलीच्या, माडांच्या बाजूने या.

दुर्बीण 8×42 घ्या. 10×50 जड असते, मुलांच्या हातात थरथरते आणि तिचा दृष्टिपट्टा अरुंद असल्याने उडता पक्षी सापडत नाही. दोन जणांत एक दुर्बीण असली तरी चालते. प्रत्येक गटाला एक स्पॉटिंग स्कोप, 20 ते 60 पटींचा, मिळाला तर फारच चांगले. तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि मोठ्यांना वाकायला सांगा. वीस-पंचवीस पटींवरच ठेवा, साठ पटींवर फक्त अंधार आणि थरथर वाढते.

वाहने लावल्यावर, चाल सुरू व्हायच्या आधी, दहा मिनिटे दुर्बीण जुळवण्यात घालवा. हे टाळल्यामुळे पुष्कळ लोक तीन तास धूसर पाहत फिरतात आणि कुणाला सांगत नाहीत. चष्मा असणाऱ्यांनी डोळ्याकडची रबरी कडी आत दाबायची, नसणाऱ्यांनी बाहेर काढायची. दोन्ही नळ्या इतक्या जवळ आणायच्या की एकच गोल दिसावा. मग तीसेक मीटरवरच्या पाटीकडे पाहत उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने स्पष्ट करायचे. त्यानंतर डावा डोळा मिटून फक्त उजव्या नळीची कडी फिरवायची, मधल्या चाकाला हात लावायचा नाही. ती कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, कारण दुर्बीण दुसऱ्याच्या हातात गेली की ती हलते. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. दुर्बीण लावून शेतभर फिरवत पक्षी शोधू नये.

पक्षी दाखवताना बोट करून «तिथे, तिथे» म्हटल्याने कुणाला काही सापडत नाही, वर हात झटकन वर गेला की पक्षी उडतो. खुणेवरून सांगा: «लाल मातीच्या मेरेवरचा तिसरा माड, त्याच्या बुंध्यापासून डावीकडे दोन हात, पाण्याच्या कडेला.» खूण न हलणारी निवडा. बैलाच्या पाठीवरच्या गायबगळ्यावरून दिशा सांगणारे लोक असतात आणि मग बैल चालू लागतो.

कपडे मातकट, हिरवट, राखाडी. पांढरा टी-शर्ट उघड्या शेतात सर्वांत जास्त खुपतो. वाचनालयाचे नाव छापलेले पिवळे टी-शर्ट वाटायची कल्पना कुणी काढली तर ते परतीच्या चहाच्या वेळी वाटा. दव इतके असते की बूट पहिल्या दहा मिनिटांत भिजतात. तळाला दाते असलेले जुने कापडी बूट घाला आणि गाडीत चपला ठेवा. गमबूट खाजनातल्या गाळात रुतून पायातून निघतो. माणशी एक लिटर पाणी, टोपी, शिट्टी फक्त गटप्रमुखाकडे. न्याहारीचा पसारा शेतात मांडू नका, दहानंतर जवळच्या हॉटेलात भाजी-पाव आणि चहा. मुली आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे ते आधी ठरवून सगळ्यांना सांगा. शेतात ती नसते, आणि हे न सांगितल्यामुळे बायका पाणी न पिता चालतात.

शेतकरी, बांध आणि धोके

गोव्यात शेतजमिनीची रूपांतरे, म्हणजे शेती बिगरशेती करणे, हा तापलेला विषय आहे. वीस अनोळखी माणसे, त्यांतल्या दोघांकडे तिकाटणे, नकाशे पाहत बांधावर उभी दिसली की मोजणीला आलेली माणसे असेच आधी वाटते. म्हणून आदल्या दिवशीच्या पाहणीत तिथे काम करणाऱ्यांशी कोकणीतून बोला, उद्या किती जण, किती वेळ, कुठल्या बांधावरून जाणार ते सांगा. जमीन कोमुनिदादची (गावकीच्या मालकीची) असेल तरी कसणाऱ्याला विचारायचे, कारण पाय त्याच्या मेरेवर पडणार. शेतकरी दिसला की दुर्बीण त्याच्या हातात द्या. शराटी रोज कुठे उतरतात, रानडुकरे कुठून येतात ते त्याला ठाऊक असते, आणि बऱ्याचदा सकाळचा सगळ्यात चांगला पक्षी तोच दाखवतो. जाळी, फटाके, बुजगावणी दिसली तर तिथे भाषण सुरू करू नका. दाणा भरताना मनोलींचे थवे खरेच नुकसान करतात.

मेरेवरून एकाच्या मागे एक चाला. मेर मऊ असते, जोडीने चालले की कड ढासळते आणि पाणी दुसऱ्या कुणग्यात जाते. लावणी झालेल्या शेतात पाऊल टाकायचे नाही, चेंडू पडला तरी. ट्रॅक्टरच्या वाटेवर गाडी लावू नका. सकाळी सातला गाडी काढायला फोन येण्यासारखी दुसरी नामुष्की नाही. खाजनाच्या मातीच्या बांधात खेकड्यांची बिळे असतात, वरून भक्कम दिसणारी कड आतून पोकळ असते. खाडीच्या बाजूला उतरायचे नाही, तिथला गाळ गुडघ्यापर्यंत ओढतो.

घोणस थंडीत हालचालीला असते आणि धसकटांत, पेंढ्याच्या ढिगात पडून राहते. कुणालाही पेंढ्यावर बसू देऊ नका, झुडपात हात घालू देऊ नका, आणि पुढच्या माणसाच्या हातात काठी असावी ती मेरेवर आपटत चालायला. दंश झालाच तर बांधणे, कापणे, चोखणे काही करायचे नाही. पाय हलवायचा नाही, 108 ला फोन करायचा आणि बांबोळीच्या गोमेकॉकडे (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाकडे) निघायचे. मोकळ्या म्हशींपासून वाट सोडून लांब राहा. भटकी कुत्री मागे लागली तर मुलांना पळू देऊ नका. सत्तरीकडे फेरी ठरवलीत तर जंगलकडेच्या काजूबागांत शिरू नका. तिकडे माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो गोचिडीमार्फत पसरतो.

पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना बाहेर काढायचे नाही. रंगीत पाणलाव्यासाठी हा मोह सगळ्यांना होतो. तळ्यावर अडयांनी माना एकदम ताठ केल्या की तुम्ही जास्तच जवळ गेलात. तिथेच थांबा, दोन पावले मागे या, माना खाली जातात. त्यांना उडवून पंखांचे छायाचित्र काढणाऱ्या कॅमेरावाल्याला पुढच्या फेरीला बोलावू नका.

जिथे ओळख हमखास चुकते

पांढरे बगळे पहिल्या तासातच गोंधळ घालतात. गायबगळ्याची चोच आखूड, पिवळी, हनुवटीखाली पिसांचा फुगवटा. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटे पिवळी, ती चिखलातून उचलली की दिसतात. मध्यम आणि मोठा बगळा यांच्यात तोंडाच्या फटीची रेघ पाहा: मोठ्याची डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यमाची डोळ्याखालीच थांबते. खाडीच्या कडेला जाड, मळकट चोचीचा बगळा दिसला तर तो किनारी बगळा असू शकतो, त्याचा काळपट प्रकारही असतो.

तीन तुतवार. बसल्या जागी शेपूट सतत हलवत राहणारा आणि खांद्यापुढे पांढरी पाचर असणारा तो सामान्य तुतवार. ठिपकेवाल्याची भुवई लांब, पाठीवर ठिपके, पाय पिवळसर, पंखाखालून फिकट. हिरवा तुतवार वरून गडद, पंखाखालून जवळपास काळा, उडताना पाठीमागचा पांढरा भाग चमकतो आणि तो एकटादुकटाच, पाटाच्या कडेला असतो.

पाणलाव्यांत साधा आणि टाचणशेपट्या असे दोन नेहमीचे. उडताना साध्या पाणलाव्याच्या पंखाच्या मागच्या कडेला स्पष्ट पांढरी पट्टी असते, दुसऱ्याला ती नसते आणि त्याचे पाय शेपटीबाहेर जास्त निघतात. बसलेला असताना खात्री देऊ नका, नोंदीत नुसते पाणलावा लिहा.

शेतावरून कमी उंचीवर, पंख उथळ व्हीच्या आकारात धरून, संथ तरंगत जाणारा तो दलदली भोवत्या. नवखे त्याला ब्राह्मणी घारीचे पिल्लू म्हणतात. घारीची शेपटी फाटलेली, ब्राह्मणी घारीची गोलसर. माँटेग्यूचा आणि पांढुरका भोवत्या यांच्या माद्या आणि पिल्ले छायाचित्राशिवाय वेगळी सांगण्याचा आग्रह नको. तिरचिमण्यांचेही तेच. धान तिरचिमणी सर्वत्र असते. तिच्यापेक्षा मोठी, छाती पुढे काढून ताठ उभी राहणारी, उतरण्यापूर्वी क्षणभर हवेत फडफडणारी असेल तर रिचर्डची तिरचिमणी हा अंदाज करा, आणि आवाज ऐकल्याशिवाय पक्के करू नका.

नोंद

ई-बर्ड या पक्षीनोंदीच्या संकेतस्थळावर प्रत्येक गटाची एकच यादी, लिहिणारा एकच. चाल सुरू होताना यादी सुरू करायची, घरी गेल्यावर आठवून नाही. तळे, वायंगण आणि खाजन यांच्या वेगवेगळ्या याद्या करा, एक लांबलचक यादी नको. मग कुठल्या पाण्यात काय होते ते पुढच्या वर्षी उपयोगी पडते. दिसलेल्या सगळ्या जाती लिहिल्या असतील तरच पूर्ण यादी म्हणून खूण करा. चिमण्या-कावळे वगळून केलेली यादी पूर्ण नसते. थवा मोजताना दहांचा एक घास डोळ्यात धरा आणि तसे किती घास होतात ते मोजा. उडून पुढे बसलेला तोच थवा पुन्हा मोजला जातो, म्हणून मोजणारा एकच असावा. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत असते आणि फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. फेरीची तारीख त्यांच्याशी जुळवली तर मुलांना आपली नोंद कुठेतरी जाते हे दिसते. पुढच्या आठवड्यात तीच यादी मराठी नावांसकट छापून वाचनालयाच्या फलकावर लावा आणि एक प्रत शेतकऱ्याला द्या.

सकाळी जमणारच नसेल तर संध्याकाळची फेरी साडेचार ते सहा पंधरा अशी ठेवा. तेव्हा पश्चिमेच्या बांधावरून पूर्वेकडे पाहायचे. जाती कमी दिसतात, पण शेवटच्या अर्ध्या तासात बगळे, भोरड्या आणि शराटी रात्रीच्या झाडांकडे ओळीने जातात आणि मोजायला सोपे पडतात. प्रत्येक गटात दोन टॉर्च ठेवा, कारण अंधार पटकन पडतो आणि मेरेवरून परतताना घोणशीचा धोका सकाळपेक्षा जास्त असतो. दिवाडीला गेला असाल तर परतीच्या फेरीबोटीची वेळ आधीच विचारून ठेवा.